रोहित की अग्निपंख? छायाचित्रांचे शोधशब्द

भिगवणला, उजनी जलाशयाच्या काठी, हिवाळ्यात टिपलेली शेकडो छायाचित्रे संगणकात साठतात, तेव्हा कॅमेऱ्याने दिलेल्या ‘डीएससी ०४१२’ अशा नावांवरून हवा तो पक्षी सापडत नाही. म्हणून लाइटरूम किंवा विनामूल्य डिजिकॅमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चित्राला ‘टॅग’, म्हणजे शोधशब्द, जोडतात. खरी अडचण नावांची असते: एकाच पक्ष्याला कोणी रोहित म्हणतो, कोणी अग्निपंख, तर कोणी सरळ फ्लेमिंगो, त्यामुळे ‘फिनिकॉप्टेरस रोझियस’ हे शास्त्रीय नाव मुख्य धरून बाकीची पर्यायी नावे म्हणून नोंदवणे उत्तम. मात्र शोधशब्द फाइलमध्येच लिहिले गेले नाहीत, तर ते सॉफ्टवेअरच्या सूचीतच राहतात आणि मूळ फाइल दुसऱ्या संगणकावर नेल्यास तेथे दिसत नाहीत.