समन्स साताऱ्याला, कोर्ट न्यू जर्सीला

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'आयटीतली वाटचाल' हा विषय दिला होता. तो मी बदलून घेतला. गेल्या दिवाळीत आपल्याच वर्गातल्या एकीचा रात्री अकरा वाजता फोन आला. तिच्या बहिणीला परदेशातून घटस्फोटाचे कागद आले होते आणि घरचे म्हणत होते, "साता समुद्रापलीकडचं कोर्ट आपलं काय करणार? ठेवून दे कपाटात." हेच वाक्य मी दहा वर्षांपूर्वी आमच्या घरी ऐकलं होतं. माझ्याबद्दल तुमच्यापैकी बऱ्याच जणांना अर्धवट माहिती आहेच. ती आज पूर्ण करते.

लग्न २००६ साली साताऱ्यात झालं. मग न्यू जर्सीत संसार, नोकरी, मुलगी. आमचं पटत नव्हतं. २०१५ च्या जूनमध्ये बाबांच्या आजारपणासाठी सुट्टीवर आले आणि परत न जायचं ठरवलं. नवऱ्याला हे मी फोनवर, भांडणाच्या भरात सांगितलं. लेखी काही नाही, मुलीबद्दल काही ठरवलेलं नाही. चूक माझी होती, हे आज मोकळेपणाने सांगते.

ऑक्टोबरात कुरिअर आलं. बाबांनी सही करून घेतलं आणि ते कपाटात गेलं. तारीख उलटली. तिकडच्या कोर्टाने एकतर्फी हुकूम दिला, की मुलीचा तात्पुरता ताबा वडिलांकडे.

तेव्हा कुठे मी पुण्यात वकील गाठले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला हवंय काय?" मी सासरच्या कहाण्या सुरू केल्या. ते थांबवून म्हणाले, "हा पक्ष झाला. साध्य सांगा." भूमितीच्या बाई, तुमची आठवण आली! पक्ष नीट न लिहिता सिद्धतेकडे धावलेली विद्यार्थिनी मीच.

त्यांनी जे समजावलं ते थोडक्यात सांगते. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ परदेशी निकाल केव्हा मानायचा नाही ते सांगतं. घटस्फोटाबाबत त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली 'नरसिंह राव विरुद्ध व्यंकट लक्ष्मी' या खटल्यात लावला. निकाल लिहिला होता आपल्या न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी. लग्न तिरुपतीत, घटस्फोट अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, कारण 'संसार पुन्हा सांधण्यापलीकडे मोडला'. नवऱ्याने दुसरं लग्न केलं आणि पहिल्या बायकोने फौजदारी तक्रार केली. न्यायालय म्हणालं, ज्या कायद्याखाली लग्न झालं त्याच कायद्यातलं कारण हवं आणि अधिकारही त्याच कायद्याने मान्य केलेल्या कोर्टाचा हवा. याला अपवाद आहेत. त्यातला मोठा म्हणजे, दुसऱ्या बाजूने त्या कोर्टाचा अधिकार आपणहून मान्य केला असेल आणि घटस्फोटाला संमती दिली असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणजे मी गप्प बसले असते तर तो अमेरिकेत घटस्फोटित आणि मी भारतात विवाहित! आमच्या भाषेत सांगायचं तर दोन सर्व्हर, एकच नोंद, आणि दोघांचा एकमेकांशी संपर्कच नाही. गंमत म्हणजे त्याच निकालात असंही आहे, की अधिकाराला हरकत घेण्यापुरतं हजर राहिलं तर ती मान्यता ठरत नाही. म्हणजे उत्तर देण्याची वाट होती. आम्ही कपाट निवडलं.

समन्सचीही तीच कथा. परदेशी समन्स बजावण्याच्या हेग करारात भारत सामील आहे, पण टपालाने थेट समन्स पाठवायला आपल्या सरकारची हरकत आहे. ते दिल्लीच्या कायदा मंत्रालयामार्फत यायला हवं. हा मुद्दा तारखेच्या आत मांडता आला असता.

मुलीचं प्रकरण याहून अवघड. तिकडच्या कायद्याने, दावा दाखल होण्याआधीचे सहा महिने मूल जिथे राहत होतं त्या राज्याचं कोर्ट ताब्याचं ठरवतं. आम्हाला येऊन चारच महिने झाले होते, त्यामुळे त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं. इकडे, मुलं परत पाठवण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारावर भारताची सही नाही. खटला चालू असतानाच, २०१७ साली, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की परदेशी हुकूम हा विचारात घ्यायचा एक मुद्दा, पण मुलाचं हित सगळ्यांत वर. वकील खूश झाले. मीही झाले.

आणि घरी येऊन पाहिलं तर मुलगी टॅबवर बाबाला दात दाखवत होती, दुधाचा पडलेला. अडीच वर्षं तिने बाबाला फक्त पडद्यावर पाहिलं. इथल्या केसच्या भीतीने तो येईना, तिथल्या हुकुमाच्या भीतीने मी जाईना. कंपनीने टेक्सासच्या कामासाठी निवडलं, तेव्हा आईच्या गुडघ्याचं निमित्त सांगून नकार दिला. (आई, माफ कर. तुझे गुडघे तेव्हा ठणठणीत होते.) बढती गेली.

शेवटी त्याच्या मोठ्या बहिणीने पुढाकार घेतला. आमच्या वन्संना मी वर्षानुवर्षं नावं ठेवली होती. त्यांनी दोघांना फोनवर अर्धा अर्धा तास झापलं. मग साताऱ्याच्या कोर्टात परस्पर संमतीचा अर्ज केला. लग्न तिथे झालं म्हणून त्या कोर्टाला अधिकार. त्याचं मुखत्यारपत्र वन्संच्या नावे आलं, पण अपोस्टिलच्या शिक्क्याशिवाय. कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. एक तारीख फुकट गेली. दुसऱ्यांदा शिक्क्यासह आलं आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरलं.

अटी आधी ठरवल्या: मुलगी माझ्याजवळ, मे महिन्याची सुट्टी बाबाकडे, पासपोर्ट कोणाकडे, तिकीट कोण काढणार. अगदी तिकिटाच्या तारखेपर्यंत. २०१८ साली इथे हुकूमनामा झाला आणि त्याच अटींवर न्यू जर्सीतही हुकूम घेतला. याला आरसा-हुकूम म्हणतात. दोन्हीकडे शब्द तेच. जुना एकतर्फी हुकूम रद्द झाल्याची सही-शिक्क्याची प्रत हातात येईपर्यंत मी मुलीला विमानात बसवलं नाही. वन्सं चिडल्या, पण मी ऐकलं नाही.

तिच्या पहिल्या प्रवासात मुंबई विमानतळावर मी एवढी मोठी फाइल नेली होती. कोणी उघडूनही पाहिली नाही. आता ती अकरावीत आहे, अकरा महिने माझ्याशी आणि एक महिना बाबाशी भांडते.

मी वकील नाही, सल्ला देणार नाही. पण ज्या मैत्रिणीचा फोन आला होता, तिच्या बहिणीने कागदांना वेळेत, वकिलामार्फत, हरकतीसह उत्तर दिलं आहे. पाकिटावरची तारीखही जपून ठेवली आहे. या स्मरणिकेच्या शेवटी सगळ्यांचे फोन नंबर आहेत, त्यात माझाही आहे. रात्री अकराला केलात तरी चालेल.