धाप आणि यकृत



दमेकऱ्याची रात्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. त्याला निजवत नाही. उठून बसला म्हणजे थोडे बरे वाटते. यकृताच्या जुनाट विकाराने ग्रासलेल्या काही रोग्यांचे मात्र नेमके उलट असते. बसले की धाप लागते, आडवे झाले की ती ओसरते. घरच्यांना हे सोंगच वाटते! डिचोलीच्या खाणपट्ट्यात, शिरगावकडे, धापेचे खापर खनिजाच्या धुळीवर फुटावयास वेळ लागत नाही. पेडण्यात ते विडीवर फुटेल. धूळ निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. पण अशा वेळी यकृतही तपासावयास हवे.

यकृत निबर झाले म्हणजे फुप्फुसांतील केशवाहिन्या फाजील रुंदावतात. रक्त त्यांतून लोटत जाते, पण प्राणवायू पुरेसा घेत नाही. बसल्यावर रक्त फुप्फुसांच्या तळाकडे उतरते, आणि तेथेच या वाहिन्या अधिक फुगलेल्या असतात. बोटाच्या ऑक्सिमीटरने निजवून व मग बसवून मोजले तर पुष्कळदा फरक दिसतो. खरी खूण हृदयाच्या एको तपासणीत मिळते: शिरेतून दिलेल्या क्षारजलातील सूक्ष्म बुडबुडे निरोगी फुप्फुसांत अडकतात, येथे ते काही ठोक्यांनी हृदयाच्या डाव्या बाजूस उमटतात.

यावर खात्रीचे औषध नाही. यकृताचे प्रत्यारोपण हाच उपाय. थॉमस स्टार्झल यांनी 1963 साली डेन्व्हर येथे मानवावरील पहिले यकृतरोपण केले. त्यानंतरही कित्येक वर्षे, प्राणवायू इतका कमी असलेल्या रोग्यावर शस्त्रक्रिया कसली, असेच म्हटले जाई. आज तेच प्रत्यारोपणाचे कारण मानतात.

मात्र नवे यकृत बसले त्याच दिवशी धाप जात नाही. आरंभी काहींचा प्राणवायू अधिकच घसरतो आणि नातेवाईक हवालदिल होतात. वाहिन्या पूर्ववत् व्हावयास कित्येक महिने, कधी वर्षही लागते. तोवर घरी प्राणवायूचे यंत्र लागले म्हणजे शस्त्रक्रिया फसली असे नव्हे. आडगावी वीज जाते, म्हणून भरलेले नळकांडे जवळ असावे.

याचा एक भाऊबंद अधिक घातकी आहे. त्यात फुप्फुसांच्या धमन्या अरुंद होऊन दाब चढतो. उपचार करूनही सरासरी दाब पाऱ्याच्या 50 मिलिमीटरवर राहिला, तर प्रत्यारोपण सहसा टाळतात. म्हणून ही पारख शस्त्रक्रियेआधीच व्हावी लागते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात रोग्याला नेताना, धाप निजल्यावर वाढते की उतरते, एवढे डॉक्टरांना न विचारताच सांगावे.