बागेचे नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शाळाही सातवीपर्यंतच झाली. तेव्हा काही चुकले तर सांभाळून घ्या. मला बोलायचे आहे ते आपल्या वसाहतीतल्या बागेच्या नावाबद्दल.

बागेला रीतसर नाव द्यावे म्हणून गेल्या महिन्यात रहिवाशांची सभा झाली. सतरंज्या आपण घातल्या, पुढे पुरुषमंडळी बसली आणि आपण पाचसहाजणी मागे. नावे पुष्कळ निघाली. रोज संध्याकाळी मुलांना घेऊन बागेत असतो त्या आपण. पण आपल्याला कोणी विचारले नाही. खरे सांगायचे तर आपणही तोंड उघडले नाही. घरी भाकऱ्या थापताना मात्र मी मनातल्या मनात मोठे भाषण केले!

दुसऱ्याच दिवशी मी रिक्षावाल्याला म्हटले, "गोल्फ क्लबपाशी सोडा." बरोबर धाकटी लेक होती. ती म्हणाली, "आई, त्याचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे ना? मग तू असे का म्हणतेस?" मला उत्तर सुचेना. 21 डिसेंबर 1909 रोजी आपल्याच नाशकात, विजयानंद नाट्यगृहात, 'शारदा' नाटकाच्या वेळी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा तो मुलगा. विशीही गाठली नव्हती. 19 एप्रिल 1910 रोजी कर्वे आणि देशपांडे यांच्यासह तो ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. मैदानाला नाव त्याचे, आणि माझ्या तोंडी साहेबाच्या खेळाचे! त्या दिवशी मला मनापासून लाज वाटली.

याच्या उलट मुंबईचे शिवाजी पार्क पहा. पूर्वी त्याला माहीम पार्क म्हणत. शिवजन्माच्या तीनशेव्या वर्षाच्या निमित्ताने 1927 साली ते नाव बदलले, ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने. हिंद महिला समाज काढला तो याच अवंतिकाबाईंनी. म्हणजे बायकांच्या मंडळात काम करणारी, आपल्यातलीच एक. त्या गप्प बसल्या नाहीत आणि लोकांनीही ते नाव तोंडी धरले. आज माहीम पार्क म्हटले तर किती जणांना समजेल?

यावरून मी दोन गोष्टी शिकले. कोणी विचारील म्हणून वाट पाहू नये. आणि नाव ठरले की ते आपण रोज उच्चारावे, मुलांना त्याचा अर्थ सांगावा. नाहीतर पाटीवर एक आणि बोलण्यात दुसरे, असे व्हायचे.

ठराव करण्याचा अधिकार महापालिकेचा आहे. पण सुचवण्याचा अधिकार आपलाही आहे. म्हणून प्रत्येकीने आपल्या मनातले नाव चिठ्ठीवर लिहावे. यजमानांच्या नाही, शेजारणीच्या नाही, स्वतःच्या मनातले. माझे नाव मी लिहून ठेवले आहे, पण आज सांगत नाही, नाहीतर तुम्ही भिडेखातर तेच लिहाल!

पुढच्या सभेत सगळ्या चिठ्ठ्या एकत्र देऊ. सतरंज्या याही वेळी आपणच घालू. मात्र या वेळी पुढे बसू.