रंगांची नावे



मी चित्रकार नाही. इंदूरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. गेल्या वर्षी मुलांना एक काम दिले. आवडत्या चित्रकाराच्या एखाद्या चित्रावरून स्वतःचे चित्र काढायचे आणि त्यातल्या रंगांवर दहा ओळी मराठीत लिहायच्या. कल्पना व्हॅन गॉगच्या पत्रांवरून सुचली. १८८८ साली आर्लहून भावाला लिहिताना तो चित्रांतले रंग एकेक करून सांगतो. रात्रीच्या कॅफेचे चित्र त्याने तांबड्या-हिरव्याच्या झगड्यातून उभे केले, हे त्या पत्रांतच वाचायला मिळते.

चित्रे छान आली. ओळींत मात्र लाल, पिवळा, निळा आणि त्यांना जोडलेले ‘डार्क’ नाहीतर ‘लाइट’. मी जरा चिडलेच.

एका मुलीने बेंद्रे निवडले होते. नारायण श्रीधर बेंद्रे आपल्या इंदूरचेच, जन्म १९१० चा. देवळालीकर मास्तरांकडे ते शिकले, पुढे बडोद्याला त्यांनी शिकवले. उत्तरकाळात ते ठिपक्याठिपक्यांनीही रंगवत. असे शेजारशेजारचे ठिपके दुरून पाहताना डोळ्यात मिसळतात. त्यामुळे तिला रंग कालवून भागेना. प्रत्येक ठिपका वेगळा ओळखावा लागला. ‘मॅडम, हा गुलाबी नाही, लालही नाही. याला म्हणायचं काय?’ मलाही चटकन सांगता आले नाही. साहित्यातली डॉक्टरेट असून!

उत्तर तिच्या आजीच्या ट्रंकेतून निघाले. जुन्या महेश्वरी साड्या उलगडत आजी म्हणाली, ही डाळिंबी, ही गुलबक्षी, ही अंगुरी, ही तपकिरी. महेश्वरच्या मागांवर ही नावे पूर्वीपासून चालत आलेली. घरात मराठी आता आजीपुरतीच उरली आहे, हे मुलीने मला नंतर सांगितले. त्या संध्याकाळी दोघी दोन तास बोलत बसल्या होत्या.

मुलीने चित्राच्या पाठीमागे रंगांची यादी केली. डाळिंबी म्हणजे डाळिंबाच्या दाण्यांचा, तपकिरी म्हणजे तपकिरीचा. ‘अबोली’पाशी मात्र गाडी अडली. गोव्याच्या मंडळींना नवल वाटेल, पण तिने अबोलीचे फूल कधी पाहिलेच नव्हते. तिने लिहिले, ‘अबोली : आजी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली, तेव्हाच्या साडीचा रंग.’

मी पेन्सिलीने शेजारी ‘फुलाचा रंग’ अशी दुरुस्ती केली. वही परत देण्याआधी ती खोडून टाकली.