संस्थापकानंतरची शाळा

(थळ येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





मंडळाने आम्हाला विषय दिला तो शाळेच्या नेतृत्वाचा व नियोजनाचा. विषय कोरडा आहे, हे आम्हीही जाणतो. म्हणून आधी एक अनुभव सांगतो. एका हायस्कूलच्या कार्यकारिणीवर आम्ही काही वर्षे होतो. शाळेचे नाव येथे घेत नाही. तेथील मुख्याध्यापक मे अखेर निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झाले, भाषणे झाली, डोळेही पाणावले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा जनरल रजिस्टर कोणत्या कपाटात आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. नव्या मुख्याध्यापकांच्या मान्यतेचा प्रस्ताव आम्ही वेळेवर पाठवला नव्हता, त्यामुळे दाखल्यांवर सही कोणी करायची हाही प्रश्न पडला. दहावी झालेल्या एका मुलीला दाखला वेळेत मिळाला नाही आणि पॉलिटेक्निकच्या प्रवेशाची तिची पहिली फेरी हुकली. तिचे वडील आमच्यावर रागावलेसुद्धा नाहीत. नुसते उभे राहिले. ते अजून डोळ्यांसमोर आहे.

त्या मुख्याध्यापकांची निवृत्तीची तारीख आम्हाला कधी कळली? ते नोकरीला लागले त्या दिवशीच! वयाची ५८ वर्षे कधी पूर्ण होणार हे सेवापुस्तकात लिहिलेलेच होते.

आता थोडे मागे जाऊ. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतरची एक हकीकत मज्झिम निकायातील गोपक मोग्गल्लान सुत्तात आली आहे. मगधाचा महामंत्री वस्सकार आनंदांना विचारतो, भगवंतांनी आपल्या मागे तुमचा आधार म्हणून कोणा भिक्खूला नेमले आहे काय? आनंद सांगतात, नाही. मग संघाने तरी कोणाला नेमले? तेही नाही. तर मग तुम्ही निराधार आहात, असे मंत्र्याला वाटते. आनंद म्हणतात की आम्ही निराधार नाही, धम्म हाच आमचा आधार आहे. पुढे ते त्याची रीतही सांगतात. एका गावाच्या परिसरातले सगळे भिक्खू उपोसथाला एकत्र जमतात, पातिमोक्खाचे पठण होते, कोणाकडून चूक झाली असेल तर तिचा निवाडा नियमाप्रमाणे होतो, व्यक्तीच्या मर्जीप्रमाणे नाही. नियम सर्वांना पाठ असावेत आणि ठरल्या दिवशी सर्वांनी जमावे, एवढ्या दोन गोष्टींवर संघ टिकला. आपल्याकडे वारसदार ठरवण्यातच सगळी शक्ती खर्च होते, म्हणून हे सांगावेसे वाटले.

महाराष्ट्रात खाजगी शाळांचा इतिहास पाहिला तर पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे उदाहरण समोर येते. ती शाळा आपल्या मुलांसाठी काढलेली नव्हती, हे आम्ही विसरलेलो नाही. पण शिकायचे तेथून शिकावे. २ जानेवारी १८८० रोजी ती सुरू झाली. मार्च १८८२ मध्ये संस्थापक विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. तरीही शाळा चालली, कारण वामनराव आपटे आणि इतर मंडळी रोजचे काम सांभाळत होती. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि आजीव सदस्यांसाठी नियम झाले. १८९० मध्ये त्याच नियमांवरून आणि बाहेरच्या कामांवरून भांडण होऊन टिळकांनी राजीनामा दिला. त्यांच्या जाण्याने गणिताची जागा रिकामी झाली, तेथे १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले. एवढा मोठा माणूस गेला, पण वर्ग बंद पडला नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसली. १९४० मध्ये महाराज सयाजीराव हायस्कूल निघाले. भाऊराव ९ मे १९५९ रोजी गेले, पण त्याआधीच त्यांनी आपल्याच वसतिगृहात वाढलेली मुले शिकवून संस्थेत आजीव सदस्य म्हणून उभी केली होती. बॅ. पी. जी. पाटील हे त्यांतलेच. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या मुलाने वसतिगृहात स्वतः भाकरी थापली, त्याला संस्था म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आणि आपले काय? परमपूज्य बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग होते. १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय निघाले, ते पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेले. तेथे प्राचार्य म. भि. चिटणीसांवर त्यांनी विश्वास टाकला. बाबासाहेब गेल्यानंतर १९६१ मध्ये महाडलाही महाविद्यालय झाले. आपल्या कोकणातल्या कितीतरी मुलांना त्याने पदवीपर्यंत नेले. पण त्याच संस्थेत पुढे कारभार कोणी पाहायचा यावरून गट पडले आणि वाद न्यायालयापर्यंत गेले. हे स्मरणिकेत छापावे की नाही, यावर आमच्यातच दुमत होते. आम्ही कोणाला दोष देत नाही. परंतु घरातल्या मुलांपासून हे लपवून ठेवण्यातही अर्थ नाही.

आता आपल्या कामाचे. अनुदानित खाजगी शाळेत मुख्याध्यापक आपल्या मर्जीने नेमता येत नाही. १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली यांप्रमाणे सर्वसाधारणपणे पात्र असा सेवाज्येष्ठ शिक्षकच त्या जागी येतो. यावर संस्थाचालक कुरकुर करतात. आम्हाला मात्र त्यात सोय दिसते. पुढचा मुख्याध्यापक कोण हे ज्येष्ठता यादीवरून पाच वर्षे आधी कळते. मग त्याला आतापासून वेतन बिले, यू-डायसची माहिती, शिक्षणाधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार यांत बसवायला कोणी अडवले आहे? जुन्या मुख्याध्यापकाचा अहंकार अडवतो, आणि आमच्यासारख्या कार्यकारिणीवाल्यांचा आळस.

विश्वस्तांचेही तसेच. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो दिला नाही की शेड्युल वनवर दिवंगत माणसांचीच नावे राहतात आणि मग बँकेत सही चालत नाही. निम्मे वाद तत्त्वाचे नसतातच. न भरलेल्या कागदाचे असतात.

नियोजन म्हटले की जाड फाइल डोळ्यांसमोर येते. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात शाळा विकास आराखड्याची कल्पना आहे, तो तीन वर्षांचा असतो. पण तो कोणाकडून तरी लिहून घेऊन साहेबांना दाखवण्यापुरता झाला तर काय उपयोग? तीन वर्षांत कोण निवृत्त होणार, आठवीतून नववीत जाताना किती मुली गळतात, विज्ञानाचा शिक्षक गेला तर शिकवणार कोण, एवढे एका पानावर लिहून ते पालकसभेत मोठ्याने वाचावे. उपोसथाची रीत वेगळी काय होती?

थळमध्ये हे समजावून सांगायची खरे तर गरज नाही. येथला तांडेल म्हातारा होईपर्यंत थांबत नाही. शांत दर्या पाहून तो पोराच्या हाती सुकाणू देतो आणि स्वतः बाजूला बसतो. आपला खत कारखाना १९८० च्या दशकात सुरू झाला. त्या वेळी कामाला लागलेली पिढी आता निवृत्त झाली आहे. त्यांच्याजवळ वेळ आहे, हिशेबाची सवय आहे, निवृत्तिवेतन आहे. त्यांनी संस्थांमध्ये जरूर यावे. पण येताना जाण्याची तारीखही सांगावी. आम्ही आमची सांगतो: पुढची निवडणूक आम्ही लढवणार नाही, आणि कपाटाच्या किल्ल्या त्याच्या एक वर्ष आधी दोन तरुण सभासदांकडे, त्यांतली एक मुलगी असेल, सोपवू.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या विद्यार्थ्यांपासून सुरुवात करा. पुढे बसलेल्यांना रोज बोलायला मिळते.

जय भीम!