सट्टा आणि साठा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा शेअरबाजारावर मी बोलावे याचे काहींना हसू येईल. पण घरचा जमाखर्च आपणच सांभाळतो, आणि गेल्या मासिक सभेत दोघींनी विचारले, "भिशीचे पैसे मोबाईलवर निफ्टीच्या सौद्यात लावले तर?" म्हणून हे चार शब्द.

निफ्टी म्हणजे 50 मोठ्या कंपन्यांच्या भावांचा मिळून काढलेला आकडा. त्यावर पैसे लावण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली, त्या कंपन्यांचे भाग, किंवा त्या साऱ्यांत पैसे वाटून ठेवणारा इंडेक्स फंड घ्यायचा आणि वर्षानुवर्षे ठेवायचा. दुसरी, फ्युचर्सचा सौदा सकाळी करायचा आणि दुपारी बाजार मिटण्याआधी मोडायचा.

आंब्याचे कलम लावले की फळाला वेळ लागतो, पण झाड आपले असते. कंपन्या माल विकतात, नफा मिळवतात, त्यातला वाटा भागधारकाला मिळतो. तिथे सगळ्यांचेच भले होऊ शकते. फ्युचर्समध्ये आपण झाड घेत नाही, उद्याच्या भावावर पैज लावतो. तिथे एकीला मिळते तेच दुसरीचे जाते, आणि दलाली व कर दोघींकडून कापले जातात.

आता हिशेब पाहा. नोव्हेंबर 2024 पासून नवा सौदा किमान 15 लाख रुपयांचा ठेवावा, असा सेबीने नियम केला. आपण त्यातला थोडाच भाग अनामत म्हणून भरतो, पण नफातोटा मात्र पुऱ्या 15 लाखांवर. आकडा शेकडा 1 उतरला तर 15 हजार गेले. कित्येक घरांचा तो महिन्याचा किराणा! शेकडा 1 ची चढउतार ही काही नवलाची गोष्ट नव्हे. शिवाय सौदा पुढे ठेवला तरी रोजचा तोटा रोज भरावा लागतो. भाव पुन्हा चढेपर्यंत थांबायला गाठीला पैसा उरतोच असे नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये सेबीने पाहणी प्रसिद्ध केली. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स व ऑप्शन्स करणाऱ्या सामान्य माणसांपैकी शेकडा 93 जणांना तोटा झाला. सगळ्यांचा मिळून तोटा 1 लाख 80 हजार कोटींच्या वर गेला. आणि बुडालेल्यांपैकी शेकडा 75 हून अधिक जण पुढेही तेच करीत राहिले. गेलेले परत मिळवू, ही आशाच माणसाला खोल नेते.

मग ठेवून देणे निर्धोक आहे का? नाही. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21 हजारांच्या घरात होता; ऑक्टोबरात तो 9 हजारांच्या खाली आला. ज्यांना लेकीच्या लग्नासाठी तेव्हाच पैसे काढावे लागले, त्यांचे नुकसान झाले. ज्यांना थांबता आले, त्यांनी नोव्हेंबर 2010 मध्ये तोच 21 हजारांचा आकडा पुन्हा पाहिला. म्हणून फीचे, औषधपाण्याचे, दोनचार वर्षांत लागणारे पैसे बँकेत किंवा पोस्टातच बरे. उरलेल्यातूनच दरमहा थोडे थोडे बाजारात घालावे.

भगिनींनो, भिशीचा पैसा बारा घरांचा असतो. तो पैजेवर लावण्याचा अधिकार कोणा एकीला नाही. कोणी "रोज खात्रीचा नफा" असा निरोप पाठवला तर पैसे देण्यापूर्वी मंडळात दाखवा, दहाजणींनी वाचू द्या. आणि घरात कोणी या नादात सापडले असेल तर रागावून बोलणे तोडू नका. शेजारी बसा, वही उघडा आणि महिन्याची बेरीज त्याच्याकडूनच करवून घ्या. बेरीज खोटे बोलत नाही.