बदामचे कान

श्रोतेहो, मला इथे बोलावलं आहे ते कविता लिहिणारा माणूस म्हणून, पण आज बोलायचं आहे ते एका लहानशा कुत्र्याच्या कानांविषयी. विषय किरकोळ वाटेल. मात्र ज्यांच्या दारात कुत्रं आहे आणि रात्री दोन वाजता कान झाडल्याचा फटफट आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना तो तसा वाटणार नाही.

आमचा बदाम हा पॉमेरियन आणि गावठी यांच्या मधला. वजन सहा किलो, रंग नावाप्रमाणे, आणि कान अर्धे उभे राहून पुढे दुमडलेले. २०२१च्या पावसाळ्यात त्याने डावा कान खाजवायला सुरुवात केली. आत तपकिरी मळ आणि आंबलेल्या पिठासारखा वास. थेंब घातले, आठ दिवसांत कान स्वच्छ. महिन्याभराने पुन्हा तेच. मग उजवा कान. मग पंजे चाटणं सुरू झालं, पोट लाल झालं, काखेतले केस गेले आणि तिथली कातडी काळी, जाड, हत्तीच्या कातडीसारखी दिसू लागली.

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते, वाड्यातल्या जिन्यासारखी. त्या वळणाच्या पलीकडे पडदा. म्हणजे मळ, ओल, जे काही आत जाईल ते वळणावर साचतं आणि बाहेरून डोकावणाऱ्याला दिसतच नाही. कापूस गुंडाळलेली काडी घालून साफ करायला जावं, तर मळ आणखी खाली ढकलला जातो. पडदा फाटलेला असेल तर काही औषधांच्या थेंबांनी बहिरेपण येऊ शकतं, म्हणून आधी दुर्बिणीने आत पाहायचं आणि मग थेंब, असा क्रम असतो. आमच्या खटाव तालुक्यात याला आणखी एक भर आहे. दिवाळीनंतर माळावरचं कुसळी गवत वाळतं. त्याची कुसळं मेंढरांच्या लोकरीत शिरतात तशी कुत्र्याच्या कानातही शिरतात, आणि कुसळाची रचनाच अशी, की ते पुढे सरकतं, मागे येत नाही. एकाच कानाचा त्रास अचानक उठला, कुत्रं मान वाकडी करून चालायला लागलं, तर आमच्याकडे पहिला संशय कुसळाचा घ्यावा.

बदामचे मात्र दोन्ही कान आणि सगळं अंग. मग सल्ले सुरू झाले. खरजेवर गाडीचं जळकं ऑइल हा उपाय आपल्याकडे गॅरेजइतकाच जुना आहे. एका मेकॅनिक मित्राने डबा भरून आणूनही दिला. तो तसाच परत केला, कारण कुत्रं अंगाला लावलेलं सगळं चाटतं आणि ते ऑइल पोटात जाऊन विष होतं. वर कातडी भाजते ती वेगळीच. ओळखीच्या एका मेंढपाळाने मेंढरांना देतात ते जंतांचं औषध पुढे केलं. "भाई, एक थेंब टाका, गोचीडसुद्धा राहणार नाही," म्हणाला. त्यात आयव्हरमेक्टिन असतं. औषध थोर आहे. ते शोधणाऱ्या कॅम्पबेल आणि ओमुरा यांना २०१५ साली नोबेल मिळालं. पण मेंढराच्या मापाने दिलेला डोस सहा किलोच्या कुत्र्याला फार होऊ शकतो, आणि कोलीसारख्या काही जातींना तर थोड्या जास्त मात्रेनेही फेफरं येऊन जीव जातो. मेंढपाळाचा हेतू चांगला होता, एवढं मात्र खरं.

खरी अडचण वेगळीच होती. २०२२ साली घरात नात आली. सून म्हणाली, "अब्बा, हे बाळाला लागलं तर?" प्रश्न रास्त होता. आपण ज्याला सरसकट 'खरूज' म्हणतो, त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. किड्यांची खरूज माणसालाही काही दिवस खाजवायला लावते. गजकर्णाची बुरशी तर माणसाला लागतेच, मुलांना लवकर. अ‍ॅलर्जीची खाज मात्र ज्याची त्याच्यापाशी राहते. बदामला यांतलं काय आहे, यावर तो घरात राहणार की नाही हे ठरायचं होतं. एका नातेवाइकाने सरळ सांगितलं, "गाडीत घाला आणि घाटापलीकडे सोडून या." अशी सोडलेली कुत्री आपण सगळेच ढाब्यांच्या मागे पाहतो. गळ्यात पट्टा असतो आणि अंगावर केस नसतात.

"तुमच्यात कुत्रं चालतं का?" हाही प्रश्न येतोच. आमच्याकडे कुत्र्याच्या लाळेचा विटाळ मानतात, म्हणून नमाजाची खोली आणि कपडे बदामपासून लांब असतात; तो पडवीत राहतो. पण गुहेत झोपी गेलेल्या तरुणांच्या उंबऱ्यावर बसलेलं कुत्रं कुराणात आहे, आणि तहानलेल्या कुत्र्याला पायातल्या मोज्यात विहिरीचं पाणी भरून पाजणाऱ्या माणसाला माफी मिळाली, ही हदीस लहानपणी ऐकली नाही असा मुसलमान विरळा. इकडे आमच्या सातारा जिल्ह्यात पालीच्या खंडोबाबरोबर कुत्रं असतं, आणि संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. या मुलखात कुत्र्याला आश्रय मिळायला फारशी अडचण पडू नये.

निदानाला मात्र पडते. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी उभा आहे. लाळ्या-खुरकुताच्या लसी, कृत्रिम रेतन, अडलेली म्हैस ही त्यांची कामं. त्यात २०२२ साली लम्पी आला. ज्याचं दुभतं जनावर गाठींनी भरून खाली बसलं आहे, त्याच्या आधी मी कुत्र्याचा कान दाखवायला उभा राहणं मलाच बरं वाटेना. खाजगीत इंजेक्शन मिळे. ते स्टेरॉइडचं असे. खाज दुसऱ्या दिवशी थांबे आणि तीन आठवड्यांनी परते. स्टेरॉइड वाईट नव्हे, पण ते खाज झाकतं, आणि पुन्हा पुन्हा दिलं तर तहान, भूक वाढते, कातडी पातळ होते. खाजेचं कारण मात्र जागेवरच राहतं.

शेवटी मित्राच्या गाडीने शिरवळला गेलो. तिथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईचं परळचं महाविद्यालय १८८६चं, हे त्याच्या शंभरएक वर्षांनंतरचं. तिथल्या डॉक्टरांनी आधी अर्धा तास फक्त प्रश्न विचारले. मग कान दुर्बिणीने पाहिले. कुसळ नव्हतं, पडदा शाबूत होता. कानातला मळ काचपट्टीवर घेऊन रंगवला आणि मला सूक्ष्मदर्शकातून दाखवला. शेंगदाण्याच्या टरफलासारख्या, मधे आवळलेल्या असंख्य पेशी. ते यीस्ट. मग कातडी रक्ताचा थेंब येईपर्यंत खरवडून किडे शोधले, ते सापडले नाहीत. पण खरजेचा किडा खरवडीत पुष्कळदा हुकतो, म्हणून तरीही किड्यांवरची गोळी दिली. गजकर्णासाठी केस वाढवायला ठेवले. त्याला तीन आठवडे लागतात. ते तीन आठवडे बाळ माडीवर आणि बदाम पडवीत, आणि मधल्या जिन्यावर आमची म्हातारी अम्मी पहाऱ्याला. गजकर्ण नाही असं कळलं, त्या दिवशी अम्मी जिन्यावरून उठली.

मला वाटलं, यीस्ट सापडलं म्हणजे चोर सापडला. डॉक्टर म्हणाले, "यीस्ट प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर असतं. त्याला फोफावू कोण देतं ते शोधायचं." कान वारंवार बिघडणाऱ्या कुत्र्यांत मुळाशी बहुतेकदा अ‍ॅलर्जी निघते, आणि कान हा तिचा पहिला दरवाजा. पण ती दाखवून देणारी एक तपासणी नाही. बाकीचं एकेक वगळत जायचं आणि उरेल त्याला अ‍ॅलर्जी म्हणायचं. अन्नाची आहे का, हे पाहायला आठ आठवडे असं खाणं द्यायचं, जे त्याने पूर्वी कधी खाल्लेलं नाही. आमच्याकडे ते ठरलं उकडलेला रोहू आणि बटाटा. दुसरं काहीही नाही. बिस्किट नाही, दूध नाही, भाकरीचा तुकडासुद्धा नाही.

श्रोतेहो, आमच्या आळीत बदामला उपाशी ठेवणं एक वेळ सोपं, पण भाकरीचा तुकडा न देणं अवघड. शेजारच्या मावशी त्याला रोज चतकोर घालत. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मुक्या जनावराच्या तोंडचा घास काढू का मी?" मग मीच त्यांच्याकडे माशाची वाटी ठेवायला लागलो; मावशी माळकरी, त्यांनी वाटी बाहेर ओट्यावर ठेवून घेतली आणि वेळ झाली की नाकाला पदर लावून ती पुढे सरकवली. या आठ आठवड्यांवर माझा काही हक्क असेल तर तो मावशींच्या नंतरचा.

खाजेला रोज दहापैकी किती गुण, हे मी वहीत लिहीत होतो. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. आठ आठवड्यांत आठाचे चार झाले. मग ठरल्याप्रमाणे चिकन देऊन पाहिलं; तिसऱ्या दिवशी सात. चिकन बंद केलं, पुन्हा चार. मागची पानं काढून पाहिली तर प्रयोगाआधी सोमवार-मंगळवारचे आकडे नेहमी मोठे होते. रविवारी आमच्याकडे कोंबडी असते.

उरलेले चार मात्र हलेनात. ते पावसाळ्यात वाढतात, उन्हाळ्यात उतरतात. म्हणजे हवेतलं, गवतातलं काहीतरी. डॉक्टरांचा संशय धूळ, परागकण आणि गाजरगवत यांवर आहे. हे गाजरगवत १९५०च्या दशकात पुण्याकडे पहिल्यांदा नजरेत आलं आणि आता येरळेच्या काठापर्यंत कुठे नाही ते सांगावं. त्याला काही आपण वगळू शकत नाही. खाज मेंदूपर्यंत पोचू न देणारी एक गोळीही निघाली आहे. अमेरिकेत २०१३ साली तिला मान्यता मिळाली. आम्ही ती फक्त वाईट दिवसांपुरती देतो, कारण महिन्याचा खर्च माझ्या कवितासंग्रहांच्या आजवरच्या मानधनाला भारी पडतो.

तेव्हा आता असं चाललं आहे. आठवड्याला कान धुण्याचं औषध, बाहेरून बुडाशी चोळून, मग त्याला डोकं झाडू द्यायचं आणि वर आलेला मळ कापडाने टिपायचा. फिरून आला की पंजे आणि पोट ओल्या फडक्याने पुसायचं. गोचीड-पिसवांची गोळी चुकवायची नाही. कानाला वास आला की थेंबांसाठी दाखवायला न्यायचं, मागची बाटली काढायची नाही. आणि बुरशीवरचा शाम्पू. तो लावून लगेच धुतला तर फुकट जातो. अंगावर दहा मिनिटं राहावा लागतो. ती दहा मिनिटं बदाम फेसात थरथरत उभा असतो, मी त्याला धरून बसतो आणि नात मोठ्याने मिनिटं मोजते. तिला अजून सातच्या पुढे येत नाही, म्हणून सात झाले की ती पुन्हा एकपासून सुरू करते.